पाण्यावरचा कासरा

आमच्या दाजींना पोहता येत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी तोंड वाकडं करायला नको. नाव बनवणारा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं कोळी येतो, समुद्र येतो. दाजी भोकरचे. भोकरला समुद्र नाही, आणि पाणी आहे ते जमिनीच्या पोटात. नांदेडला गोदावरीच्या घाटावर गेले तरी दाजी वरच्या पायरीवर उभे राहून सगळ्यांच्या चपला सांभाळतात. उभ्या जन्मात नावेत बसले नव्हते. आणि याच माणसानं नाव केली. लेकरांनी वर बसून चालवायची, पाण्याच्या धारेवर पळणारी, हवी तिकडं वळणारी. मी स्वतः तिच्यावर बसलोय, आणि माझं वजन काही कमी नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे मालक. त्यांचं नाव व्यंकटी, बहिणीचं पार्वती. तिला मी आक्का म्हणतो, गाव पार्वतीबाई म्हणतं. मी धम्मानंद. एसटीत कंडक्टर होतो, उदगीर डेपोतनं रिटायर झालो आणि आता भोकरला आक्काच्या शेजारीच घर बांधून राहतोय. मेव्हण्यानं दाजीची थट्टा करायची हा आमच्याकडं हक्कच आहे आणि तो मी एक दिवस सोडलेला नाही. तेव्हा मी इथं त्यांचं गुणगान गाईन अशी आशा ठेवू नका. माणूस हट्टी. बोलणं कमी. चहात साखर जास्त पडली तर कप तसाच ठेवून उठून जाणार, पण साखर जास्त झाली असं म्हणणार नाही.

धंदा बोरात मोटर सोडायचा. आमच्या भागात पाणी लई खोल. मोटरीला पाइप लावायचा, त्याला पुढचा पाइप जोडायचा, साखळी-पुलीवर तोलत तोलत सगळं खाली सोडत जायचं. मोटर बिघडली की तसंच एकेक पाइप सोडवत वर काढायचं. बोराच्या तोंडाशी पाइपाला लोखंडी पकड आवळतात. ती पकड नीट बसली नाही, हात जरासा चुकला, की अख्खी माळ खाली जाते. मग मोटर गेली, पाइप गेले आणि बोरही गेला. त्यावर धोंडा ठेवायचा आणि दुसरीकडं नशीब काढायचं. म्हणून पकड मिस्त्री स्वतः आवळतो. आणि मोटरीला बांधलेला एक दोर असतो, तो तर मिस्त्री सख्ख्या भावाच्याही हातात देत नाही. बाकीचे साखळी ओढतील, पाइप उचलतील. दोर मिस्त्रीचाच. मोटर खाली कुठं घासली, कुठं अडली, हे त्या दोरावरनं त्याच्या बोटांना कळतं.

इकडं एक रीत आहे. ज्याच्या हातानं बोराचं पहिलं पाणी बाहेर पडलं त्यालाच पुढं दर वेळी बोलवायचं. त्याच्या हाताला गुण आहे म्हणतात. मोटर सोडून झाली की घरधनी नारळ फोडणार, अगरबत्ती लावणार. आम्ही बुद्धाची माणसं, दाजी त्या वेळेला बाजूला जाऊन बिडी ओढत उभे राहायचे आणि नारळ फुटला की परत येऊन खटका दाबायचे. कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. त्यांना फक्त पाणी पाहिजे होतं आणि ते दाजींच्या हातानं येत होतं. भोकर, उमरी, पार मुदखेडपर्यंत बोलावणी. उन्हाळ्यात आक्का डबा घेऊन त्यांच्या मागं मागं फिरायची.

मग उजवा हात थरथरायला लागला. एका लग्नात पहिल्यांदा मला दिसलं. दाजींच्या हातातली कपबशी वाजत होती. आक्का म्हणाली थंडी असेल. मे महिन्यात कसली थंडी आली? नांदेडच्या डॉक्टरनं कंपवात सांगितला, गोळ्या दिल्या. गोळ्यांनी थरथर कमी झाली, पण गेली नाही. दाजी तेव्हापासनं चारचौघांत उजवा हात मांडीखाली दाबून बसायला लागले.

मला राग कशाचा येतो सांगू? एकानंही तोंडावर सांगितलं नाही. ‘मिस्त्री, तुमच्या हाताची भीती वाटते,’ असं कुणी म्हणाला असता तर दाजींनी चार शिव्या हासडल्या असत्या आणि मोकळे झाले असते. तसं नाही. सगळे जय भीम घालत होते, पान खाऊ घालत होते, लेकीबाळींची चौकशी करत होते, आणि मोटर बिघडली की गुपचूप दुसऱ्याला बोलवत होते. दाजींचा फोन खिशात असायचा आणि वाजायचा नाही. उमरीचे साहेबराव होते, त्यांच्या शेतातला एकेक बोर दाजींच्या हातानं चालू झालेला. त्यांनीसुद्धा दुसरा माणूस नेला. ज्या दिवशी हे कळलं त्या दिवशी दाजी जेवले नाहीत. माझ्या ओट्यावर येऊन बसले आणि म्हणाले, “धम्मा, एकदा तरी कुणी बोलवावं रे.”

एवढंच. दाजींनी आयुष्यात काही मागितलेलं मी ऐकलं ते हेच. मला ते ऐकून इतकं वाईट वाटलं की थट्टा सुचली नाही.

नावेचं काम मीच आणलं. उदगीरचे मल्लिकार्जुनअप्पा म्हणून माझे जुने पॅसेंजर, भुसार मालाचे व्यापारी. देवणीच्या बाजूला त्यांचं शेत आहे, देवणी जातीच्या गायी-बैलांचा मोठा गोठा आहे. तिथं त्यांनी हुरडा पार्टीची टूम काढली होती. लातूरचे लोक पोराबाळांना घेऊन येतात, हुरडा खातात, बैलांबरोबर फोटो काढतात. शेततळं होतंच. अप्पांच्या मनात आलं, तळ्यात लेकरांसाठी नाव सोडावी. कुठनंतरी बॅटरीवर चालणारी पात्याची नाव आणली. तळ्याला खालून प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो, नाहीतर पाणी जमिनीत मुरतं. नाव काठाला गेली, पात्यानं कागद फाडला, आणि वर्षाचं साठवलेलं पाणी शेजारच्याच्या तुरीत गेलं. शेजारी खूश झाला. अप्पांचं तोंड बघण्यासारखं झालं.

“धम्मानंद,” अप्पा मला फोनवर म्हणाले, “पातं नसलेली नाव पायजे. लेकराचं बोट कापू नये, कागद फाटू नये. हाय का तुमच्याकडं कुणी?”

मी म्हणालो, “हाय की.” विचार वगैरे काही केला नव्हता. कंडक्टरची जीभ, जागा नसली तरी या म्हणते.

दाजींना सांगितलं तर ते माझ्याकडं बघतच राहिले.

“नाव?”

“हाव. नाव.” मी मान डोलावली.

“मला पोहता येत न्हाई.”

“पोहायला कोण सांगून राहिलंय? लेकरं बसवायची हायेत, तुम्हाला न्हाई.”

“येडा हायेस तू,” दाजी म्हणाले आणि उठून गेले. संध्याकाळी परत आले ते दारातनंच बोलत. “पातं नको म्हणतोय ना तो? मग पाण्यानंच पाणी ढकलायचं. पंपानं पाणी ओढून मागं धार मारली की नाव फुडं जाईल.” माझ्या लक्षात आलं, माणूस लागला कामाला. आक्कानं त्या दिवशी गोड केलं, कशासाठी ते कुणाला सांगितलं नाही.

अंग करायला अडचण आली नाही. आमच्याकडं घरटी पाण्याचे निळे ड्रम असतात. बुचं पक्की बसवलेले चार ड्रम, दोन दोन पुढंमागं जोडून दोन रांगा केल्या, वर फळ्या ठोकल्या, मध्ये लुनाची सीट बसवली. बसायला घोड्यासारखं. खालून पाणी ओढायचं, मागं दोन तोंडांनी सोडायचं. पंप म्हणून दाजींनी पिकावर फवारणी करायच्या बॅटरीवाल्या पंपांतल्या मोटरी काढल्या. बारा व्होल्टच्या, त्यामुळं शॉकची भीती नाही. तोंडाला पितळेची बारीक नळी लावली, धार जोरात जावी म्हणून.

एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या मोठ्या सिमेंटच्या हौदात नाव टाकली. निम्मं गाव जमलं. दाजींनी बटण दाबलं आणि मागनं अशी धार उडाली की हौदाच्या पलीकडं उभ्या असलेल्या लोकांचे कपडे भिजले. लोकांनी शिट्ट्या मारल्या. “काय धार हाय मिस्त्री! वा!” एक म्हातारा तर म्हणाला, असा पंप मला पण द्या. सगळे धारेकडं बघत होते. नाव जागच्या जागी उभी होती. अगदी तळाला गाडल्यासारखी.

“दाजी,” मी म्हणालो, “ही नाव न्हाई, कारंजं हाय. नांदेडात चौकात बसवू.”

दाजी माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत.

आता यात हसण्यासारखं काही नव्हतं, पण ते मला नंतर कळलं. आमच्याकडं पंप चांगला की वाईट हे धार किती लांब जाते त्यावर ठरतं. पंप घ्यायला गेलेला शेतकरी पहिलं विचारतो, किती खोलवरनं पाणी उचलतो? दाजींचं सगळं आयुष्य पाणी वर चढवण्यात गेलं. पाणी म्हणजे खाली असतं आणि ते वर आणायचं असतं, याच्यापलीकडं त्यांच्या डोक्यात पाण्याला दुसरं कामच नव्हतं. त्यांनी नावेलाही तेच लावलं. नावेला पाणी वर न्यायचंच नव्हतं.

आठवड्यानं दाजी सकाळी सकाळी माझ्या दारात उभे राहिले. “धम्मा, तुला विहिरीवर पाडलं होतं ते आठवतं का?”

आठवायला कशाला पाहिजे? माझी कंबर अजून दुखते. मी तरणा असताना सुट्टीवर आलो होतो, दाजी एका विहिरीतला गाळ उपसत होते. मला म्हणाले पाइप धर. मांडीएवढा जाड पाइप. पंप चालू झाला आणि मी पाइपासकट मागं उताणा पडलो. आक्काच्या सासरची माणसं अजून ती गोष्ट लग्नकार्यात सांगतात.

“त्या पाइपाची धार कुठं पडत होती?” दाजींनी विचारलं.

“कुठं पडणार? माझ्या पायापाशी.”

“पायापाशी पडत होती, पण तुला आडवा केला. का? पाणी लई होतं म्हणून. बारीक धार लांब जाती, पण धक्का देत न्हाई. जाड धार जवळ पडती पण माणूस पाडती.” आणि स्वतःच्या कपाळावर हात मारून म्हणाले, “मी येडा त्या पाण्याला वर चढवून राहिलो होतो!” इतके खूश मी त्यांना लेकीच्या लग्नातही पाहिले नव्हते.

मग भंगारातनं गाड्यांच्या रेडिएटरचा पंखा फिरवायच्या दोन मोटरी आणल्या. त्या वर, कोरड्यात उभ्या बसवल्या आणि त्यांचा दांडा खाली पाइपात सोडून त्याला प्लास्टिकचं चक्र लावलं. पाणी ओढायच्या तोंडाला जाळी, म्हणजे बोटही जाणार नाही आणि तळ्याचा कागदही ओढला जाणार नाही. मागची तोंडं चांगली मनगटाएवढी, पाण्याच्या खाली. या वेळी हौदात बटण दाबलं तेव्हा धार कुणाला दिसलीच नाही. नाव मात्र सूं करून गेली आणि समोरच्या भिंतीवर आपटली. लोक फार काही बोलले नाहीत. धार नाही म्हटल्यावर त्यांना मजा आली नाही.

राहिलं वळवायचं. मी म्हणालो सायकलचं हँडल लावा. दाजींनी कासरा लावला. त्यांचे वडील दुसऱ्याच्या शेतावर सालगडी होते, दाजी चालायला लागल्यापासनं बैलगाडीत. डावा कासरा ओढला की बैल डावीकडं, उजवा ओढला की उजवीकडं. नावेच्या दोन्ही तोंडांवर त्यांनी एकेक रबराची झडप बसवली, झडप उघडी ठेवायला स्प्रिंग, आणि तिला दोर बांधून पुढं बसणाऱ्याच्या हातात आणला. डावा दोर ओढला की डावी झडप मिटते, डावी धार मंदावते, आणि नाव डावीकडं वळते. दोन्ही ओढले की थांबते. बैलाला जे कळतं ते नावेला कळलं.

टेम्पोत घालून नाव देवणीला नेली. अप्पांनी तळं पुन्हा भरून घेतलं होतं. दाजींना फुगीर जाकीट घातलं, कमरेला दोर बांधला, त्याचं टोक मी धरलं. दाजी नावेवर बसले तेव्हा त्यांचे पाय कापत होते, ते पाण्याच्या भीतीनं. पण नाव निघाली आणि मला खरं दिसलं ते त्यांच्या हातात. उजवा कासरा सारखा हलत होता. नाव जरा उजवीकडं, परत सरळ, परत उजवीकडं. तळ्याच्या मधोमध गेली ती पिऊन घरी निघालेल्या माणसासारखी.

“नाव जरा नाचून राहिलीय की,” अप्पा म्हणाले. अप्पा सभ्य माणूस, त्यांनी दाजींच्या हाताकडं बघितलं आणि लगेच दुसरीकडं बघितलं.

“वाऱ्यानं पाणी हलून राहिलंय,” दाजी म्हणाले. वारा औषधालासुद्धा नव्हता.

मग अप्पांची नात बसली, साक्षी नावाची, शाळेत जाणारी, धीट पोर. तिच्याही हातात नाव नागमोडी गेली, कारण लेकराला हातात दोर दिला की ते उगीच ओढत राहतं. तिला लई मजा आली. अप्पांना नाही आली, नाव दर फेरीला काठावर जात होती. शेवटी अप्पांनी मला बसवलं. आणि माझ्या हातात नाव सरळ गेली. या काठापासनं त्या काठापर्यंत, रेघ मारल्यासारखी. उतरलो तेव्हा दाजी तळ्याकडं पाठ करून उभे होते.

परतीच्या वाटेवर टेम्पोत मी दोनदा काहीतरी चेष्टेचं बोलायला गेलो आणि गप्प बसलो. घरी गेल्यावर दाजींनी नाव मागच्या अंगणात घेतली आणि तिच्याभोवती बसून राहिले. आक्कानं जेवायला हाक मारली तर म्हणाले, ठेव.

काही दिवसांनी बघायला गेलो तर कासरे मोकळे लोंबत होते. मला वाटलं, झालं, सोडून दिलं. तर नाही. दाजींनी प्रत्येक कासरा चांगला चार बोटं जास्त लांब केला होता, आणि ढिला पडलेला दोर एका मऊ स्प्रिंगेनं धरून ठेवला होता. कासरा हातात धरून हलवला, झटकला, तरी चार बोटांपर्यंत झडपेला पत्ता लागत नव्हता. त्याच्यापुढं ओढला तर झडप मिटत होती.

“असा ढिला दोर ठेवून कशी वळायची?” आक्का म्हणाली.

“लेकरू उगी हात हलवतंय,” दाजी म्हणाले. “नावेनं प्रत्येक हलणं ऐकायचं न्हाई. मनापासनं ओढलं तरच ऐकायचं.”

आक्कानं माझ्याकडं पाहिलं. मी तिच्याकडं पाहिलं. लेकराचं बोलून राहिलेत, असं आम्ही दोघांनी धरलं आणि चहा घेतला.

पण माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला होता. हौदात दाजी त्या नावेवर बसून सराव करत होते, आणि नाव सरळ जात होती. काठावरून बघणाऱ्याला एवढंच दिसत होतं की मिस्त्रीच्या हातात कासरा आहे आणि नाव सुतासारखी सरळ चाललीय. मी उमरीला साहेबरावांना फोन लावला. त्यांना देवणी खोंडांची जोडी घ्यायची होती हे मला माहीत होतं. म्हणालो, अप्पांकडं लई देखणी जोडी आहे, रविवारी या. नावेचं काही बोललो नाही. दाजींनाही काही सांगितलं नाही. साहेबरावांनी एकदा बघावं, बाकीचं आपोआप होईल. एसटीत जन्म गेला, कोणता पॅसेंजर कोणत्या स्टॉपवर चढणार हे मला कळतं.

रविवारी तळ्यावर जत्राच होती. ज्वारीचा हुरडा भाजत होता, लातूरकडची पोरं पाण्यापाशी किंचाळत होती. साहेबराव खोंडं बघून आले आणि गर्दीत उभे राहिले. अप्पा म्हणाले, पहिली फेरी मिस्त्रींची. दाजी बसले. या वेळी पाय कापत नव्हते. कासरे हातात घेतले, बटण दाबलं, आणि नाव निघाली. सरळ. तळ्याच्या त्या टोकाला डावा कासरा दमानं ओढला, नाव गोल फिरली, परत सरळ आमच्याकडं. नाचली नाही, काठाला लागली नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी तर इतक्या जोरात वाजवल्या की शेजारची बाई बाजूला सरकली. मग साक्षी बसली आणि तीही सरळ गेली, आणि अप्पांनी तिथल्या तिथं दाजींना सांगितलं, अशा आणखी करा.

दाजी जाकीट काढत होते तोवर साहेबराव त्यांच्यापाशी गेले. मी पण गेलो. का नाही जाणार?

“जय भीम मिस्त्री! अहो, हात लई बरा झाला की तुमचा.”

दाजींनी जाकीट काढून खाली ठेवलं.

“मी बघून राहिलो होतो,” साहेबराव म्हणाले. “इकडचा तिकडं झाला न्हाई हात. बरं झालं बाबा. माझी वरच्या वावरातली मोटर बंद पडलीय. तुमच्या हातचाच बोर हाय तो. सोमवारी येता का? गाडी पाठवतो.”

दाजींचं तोंड फुललं. ‘येतो’ हा शब्द त्यांच्या ओठापर्यंत आला होता, कुणाचीही शपथ घेऊन सांगतो. ओठ हललेसुद्धा.

मग ते म्हणाले, “साहेबराव, तुम्ही बसा जरा नावेवर.”

“मी? मी कशाला?”

“बसा हो. काठाला बांधलीय.”

साहेबराव धोतर सावरत बसले. भोवतीची पोरं हसायला लागली. दाजींनी कासरे त्यांच्या हातात दिले आणि बटण दाबलं. “आता हात हलवा. थंडी वाजल्यासारखा. हलवा जोरात.”

साहेबरावांनी हात हलवला. मागं दोन्ही धारा सारख्याच चालू होत्या. बांधलेला दोर ताणून नाव सरळ उभी होती.

“नाव वळली का?”

“न्हाई.”

“माझाबी हात असाच हलत होता. आत्ता, तुमच्यासमोर.” दाजींनी बटण बंद केलं. “मी कासऱ्याला ढील दिलीय, म्हणून नावेला कळलं न्हाई नि तुम्हालाबी कळलं न्हाई. बोरात ढील चालत न्हाई साहेबराव. पकड सुटली तर तुमचा बोर जाईल. मी न्हाई येत. तुमच्या उमरीतच सोमेश म्हणून हाय, त्याला बोलवा. सावकाश करतो, पण पकड चांगली आवळतो.”

साहेबराव नावेवर तसेच बसून राहिले. उतरायचं विसरले. मग “बरं, बरं मिस्त्री,” असं काहीतरी म्हणाले आणि त्यांना उतरवायला दोघं जण लागले.

मला इतका संताप आला की काय सांगू. एवढं जुळवून आणलेलं, आणि या माणसानं एका मिनिटात उधळून लावलं. दाजींचा दंड धरून मी त्यांना गोठ्याच्या बाजूला ओढलं.

“दाजी, हाव म्हणायचं होतं की! मी होतो ना! मी धरला असता दोर!”

“तू?” दाजी म्हणाले. “तुला पाइप धरता आला न्हाई.”

“थट्टा नका करू. तुम्हीच म्हणाला होता ना, एकदा तरी कुणी बोलवावं? मग?”

“बोलावलं की त्यानं,” दाजी म्हणाले. “गाडी पाठवतो म्हणाला.”

माझे डोळे भरून आले, आणि गोठ्यापाशी उभ्या असलेल्या लोकांनी ते पाहिलं, पाहू दे. तळ्यावर कोण आधी बसणार म्हणून लेकरांची भांडणं लागली होती आणि साक्षी मिस्त्रीकाका, मिस्त्रीकाका म्हणून ओरडत होती. “आलो गं,” म्हणत दाजी तिकडं गेले.